बारा वाद्यं, तीन गळे : ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’चं प्रकरण

१९५७च्या उन्हाळ्याच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एबीसी-पॅरामाउंट कंपनीच्या ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’ या रेकॉर्डचं गाडं अडलं होतं. बेत मोठा धाडसी होता. जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसीच्या बँडच्या दहा रचना घ्यायच्या आणि त्यातली सगळी फुंकवाद्यं माणसांच्या गळ्यातून गाऊन घ्यायची. ट्रम्पेटची ओळ ट्रम्पेटच्या जागी, ट्रॉम्बोनची ट्रॉम्बोनच्या जागी, सॅक्सोफोनचे सोलो, म्हणजे एकट्या वादकाने वाजवलेले भाग, तेही जसेच्या तसे, आणि या सगळ्याला शब्द. शब्द लिहून तयार होते. डझनभर कसलेले स्टुडिओ गायक पैसे मोजून बोलावले होते. सूर बरोबर लागत होते, मात्रा चुकत नव्हत्या, तरी कानावर जे पडत होतं त्यात बेसी कुठेच नव्हता.

पुढच्या तीनेक महिन्यांत या कोंडीतून जी वाट निघाली तिने जॅझ गायनाला एक अव्वल दर्जाची तबकडी दिली आणि तोवर अस्तित्वातच नसलेला एक गायकसंच दिला: लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण गायनात ‘सगळं बरोबर आहे पण रंगत नाही’ असं आपण जे म्हणतो त्याची इतकी उघडी तपासणी क्वचित बघायला मिळते. शिवाय एखाद्या संगीतकाराला मानवंदना द्यायची म्हणजे नक्की कोणाला द्यायची, हा प्रश्न या तबकडीने फार नेमकेपणाने समोर आणला आहे.

बेसीचं संगीत कोणाचं?

कव्हरवर नाव बेसीचं. आतल्या दहा रचनांपैकी बेसीच्या नावावर नोंदलेली रचना मात्र एकच, ‘वन ओ’क्लॉक जंप’. ‘टू फॉर द ब्लूज’ आणि ‘लिटल पोनी’ अरेंजर (वाद्यांसाठी रचनेची मांडणी लिहिणारा) नील हेफ्टीच्या. ‘डाउन फॉर द काउंट’ आणि ‘ब्लूज बॅकस्टेज’ बँडमधला सॅक्सोफोनवादक फ्रँक फॉस्टर याच्या. ‘अ‍ॅव्हेन्यू सी’ ट्रम्पेटवाल्या बक क्लेटनची, ‘इट्स सँड, मॅन’ दुसरा ट्रम्पेटवाला एड लुइस याची, ‘डाउन फॉर डबल’ गिटारवादक फ्रेडी ग्रीनची. ‘फिएस्टा इन ब्लू’ अरेंजर जिमी मंडीच्या लेखणीतून उतरलेली, आणि ‘एव्हरीडे’ हा तर मेम्फिस स्लिमच्या नावावरचा जुना ब्लूज, जो १९५५ साली गायक जो विल्यम्सच्या आवाजात बेसीच्या बँडने घराघरांत पोचवला.

मग बेसीचं यात काय? याचं उत्तर बँडच्या जडणघडणीत आहे. विल्यम बेसी १९०४ साली न्यू जर्सीतल्या रेड बँक गावी जन्मला, पण त्याचा बँड घडला तो कॅन्सस सिटीत. १९३५ साली तिथला बँडप्रमुख बेनी मोटन वारला, त्याच्या बँडमधल्या काही मंडळींना घेऊन बेसी रीनो क्लबमध्ये वाजवू लागला. तिथे कागद नव्हतेच. एखादा सॅक्सोफोनवाला चार-सहा सुरांची एक ओळ धरायचा, शेजारचा तिला दुसरा सूर लावायचा, ट्रम्पेट मध्ये उत्तर द्यायचे. जे जमलं ते दुसऱ्या रात्री पुन्हा वाजायचं आणि हळूहळू पक्कं व्हायचं. ‘वन ओ’क्लॉक जंप’ अशीच जमलेली आहे. बस्टर स्मिथ, एडी डरहॅम अशा सहकाऱ्यांचाही तिच्यात वाटा असल्याचं सांगितलं जातं, पण १९३७ साली डेका कंपनीची रेकॉर्ड निघाली तेव्हा नाव लागलं ते बेसीचं. आणि बेसीला तरी काय मिळालं? डेकाशी केलेल्या करारात रेकॉर्डच्या २४ बाजूंचे मिळून ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. त्या रेकॉर्डवर हर्शेल इव्हान्स, लेस्टर यंग आणि बक क्लेटन यांचे जे सोलो आहेत, त्यांच्या मोबदल्याचा तर विषयच नव्हता.

१९५०च्या दशकातला बँड वेगळा. हिशेब जुळेना म्हणून १९५० साली बेसीने मोठा बँड मोडला, दोन वर्षांनी पुन्हा उभा केला, आणि या दुसऱ्या बँडचं संगीत कागदावर लिहिलेलं होतं. हेफ्टी, फॉस्टर, अर्नी विल्किन्स लिहायचे. बेसी त्यातलं खोडायचा. मला बेसीची खरी प्रतिभा या खोडण्यात दिसते. कुठली लय धरायची, कुठे बँडला गप्प बसवायचं, पियानोवर दोनच सूर टाकून बाकीची जागा मोकळी कशी सोडायची, हे त्याने ठरवलं. रचना इतरांच्या असल्या तरी त्यांची चालण्याची ढब बेसीच्या घरची. त्यामुळे ‘बेसीला मानवंदना’ हे शब्द चुकीचे नाहीत, मात्र त्या नावामागे पंचवीस-तीस माणसं उभी आहेत हे विसरून चालत नाही. शब्द लिहिणाऱ्याला ते विसरता येणारच नव्हतं, कारण त्याला त्यातल्या एकेकाच्या तोंडी बोल घालायचे होते.

तानेला अक्षर

शब्द लिहिणारा जॉन हेंड्रिक्स. ओहायोतल्या एका धर्मोपदेशकाच्या भल्यामोठ्या कुटुंबातला मुलगा. टोलीडो शहरात वाढला आणि पोरवयातच तिथल्या आर्ट टेटम या असामान्य पियानोवादकाच्या साथीने गायला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी नोकरी केली, परतल्यावर कायद्याचं शिक्षण घेऊ लागला, सरकारी मदत संपली आणि शिक्षण सुटलं. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने ‘न्यूयॉर्कला ये’ म्हटलं होतं, ते प्रमाण मानून १९५२ साली तो न्यूयॉर्कला आला.

त्याच सुमारास त्याने किंग प्लेझर या गायकाची एक रेकॉर्ड ऐकली. जेम्स मूडी या सॅक्सोफोनवादकाने १९४९ साली स्वीडनमध्ये एका प्रेमगीतावर सोलो वाजवला होता. एडी जेफरसनने त्या सोलोतल्या सुरासुराला शब्द लावले होते आणि किंग प्लेझरने ते गाऊन लोकप्रिय केले. गाण्याचे बत्तीस बार (मात्रांचे गट) संपले की शब्द संपले, अशी हेंड्रिक्सची तोवरची समजूत होती. इथे मूळ गाणं बाजूलाच राहिलं होतं आणि वादकाने त्यावर जे रचलं त्याचंच गाणं झालं होतं. हेंड्रिक्सला आपलं आयुष्यभराचं काम सापडलं ते इथे.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या संगीत नाटकांत चाल आधी आणि पद नंतर हा रिवाजच होता. १९११च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली निवडल्या आणि खाडिलकरांनी त्या वजनाची पदं लिहिली. मात्र खाडिलकरांचे शब्द मुखड्यावर आणि अंतऱ्यावर थांबायचे. पुढच्या ताना-हरकती बालगंधर्वांनी आपल्या मनाने घ्यायच्या. हेंड्रिक्स त्या तानांनाच शब्द लावत होता. त्याही दुसऱ्या कुणीतरी कधीकाळी उत्स्फूर्त घेतलेल्या आणि तबकडीवर कायमच्या उतरलेल्या. त्यात एका सुराची भर घालायची मुभा नाही, एक गाळायची सोय नाही, आणि तरी वाक्याला अर्थ हवा, यमक हवं, बोलीचा डौल हवा. हे किती अवघड आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर आवडत्या गवयाची एखादी द्रुत तान घ्या आणि तिच्यावर अर्थपूर्ण मराठी वाक्य बसवून पाहा.

हेंड्रिक्सचा जोडीदार डेव्ह लॅम्बर्ट हा बॉस्टनचा. १९४५ साली जीन क्रूपाच्या बँडमध्ये बडी स्ट्युअर्टबरोबर त्याने गायलेला ‘व्हॉट्स धिस?’ हा बीबॉप या १९४०च्या दशकातल्या नव्या जॅझ शैलीतल्या गायनाचा अगदी सुरुवातीचा नमुना मानला जातो. गायकांचे थवे बांधणं, त्यांच्यासाठी आवाजांची मांडणी करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. दोघांनी मिळून १९५५ साली ‘फोर ब्रदर्स’ या सॅक्सोफोनांच्या रचनेला शब्द देऊन रेकॉर्ड केली, ती चालली नाही. तरीही त्यांनी ठरवलं की आता एक गाणं नको, अख्खी एलपी करू आणि बेसीची करू. निर्माता क्रीड टेलर तेव्हा २८ वर्षांचा होता. पुढे इम्पल्स आणि सीटीआय ही जॅझची लेबलं ज्याने काढली तोच हा. त्याने होकार दिला.

अडलं कुठे?

लॅम्बर्टने बारा वाद्यांच्या हिशेबाने गायक आणले. बेसीच्या तेव्हाच्या बँडमध्ये चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन होते. ऱ्हिदम सेक्शन तर खुद्द बेसीचाच बोलावला होता: गिटारवर फ्रेडी ग्रीन, बासवर एडी जोन्स, ड्रम्सवर सनी पेन. फक्त पियानोवर बेसीऐवजी नॅट पिअर्स बसला, जो बेसीची ढब हुबेहूब वठवायचा. म्हणजे पाया अस्सल होता, वर चढवलेला मजला तेवढा बेताल नसूनही निर्जीव निघत होता.

कारणं शोधली तर ती बारीकसारीक आहेत, आणि या प्रकरणाचा गाभा त्यांच्यातच आहे. स्टुडिओतले गायक नोटेशन वाचण्यात पटाईत होते. पण नोटेशनमध्ये दोन सूर सारख्या लांबीचे लिहिलेले असतात आणि स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या डुलत्या लयीत, ते सारखे वाजत नाहीत. पहिला रेंगाळतो, दुसरा पुढच्या ठोक्याकडे झुकतो. किती रेंगाळायचं हे लयीवर ठरतं. मध्य लयीत जास्त, द्रुत लयीत अगदी कमी. बेसीच्या बँडची खासियत अशी की सॅक्सोफोनांची फळी ठोक्याच्या किंचित मागे बसते, ऱ्हिदम सेक्शन मात्र जागचा हलत नाही, आणि या ओढाताणीतून ती सैल, डुलती चाल येते. कागदावर हे उमटत नाही. जो बरोबर ठोक्यावर गातो तो अचूक असतो आणि तरी चुकलेला असतो.

दुसरी अडचण सुराच्या शेवटाची. बँडमधले ट्रम्पेट सूर सोडताना तो खाली घसरवतात, कधी हलवतात, कधी तलवारीसारखा कापतात, आणि चौघेही एकाच क्षणी कापतात. चर्चच्या किंवा जाहिरातींच्या गायनात वाढलेला गळा सूर गोलाईने संपवतो. त्या गोलाईने सगळं बिघडत होतं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी. शब्द. ट्रम्पेटवादक जिभेच्या आघाताने सूर सुरू करतो, तर सॅक्सोफोनवर अनेक सूर एकाच श्वासात घसरत जातात. हेंड्रिक्सने शब्द लिहितानाच हा हिशेब केलेला आहे. पितळी वाद्यांच्या वाट्याला ट, ड, ब, प असे आघाताचे वर्ण, सॅक्सच्या वाट्याला ल, व, र असे वाहते वर्ण. हे वर्ण काळ्या अमेरिकन बोलीच्या उच्चारात तोंडातून निघाले तरच ठेक्यात पडतात. शुद्ध, पाठ्यपुस्तकी इंग्रजी उच्चारांत ते शब्द ओळीवर चढवलेल्या ओझ्यासारखे वाटू लागतात.

या गायकांना बेसीची चाल शिकवावी म्हणून एक गायिका प्रशिक्षक म्हणून बोलावली गेली. ती अ‍ॅनी रॉस. इंग्लंडमध्ये जन्मलेली, स्कॉटिश नाटकवाल्यांच्या घरातली, लहानपणीच अमेरिकेत आलेली, गायिका एला लोगनची भाची. वॉर्डेल ग्रे या टेनर सॅक्सोफोनवादकाच्या ‘ट्विस्टेड’ या सोलोला तिने १९५२ साली स्वतः शब्द लिहिले होते. मनोविकारतज्ज्ञाकडे गेलेल्या बाईची ती खुसखुशीत कैफियत आजही ताजी आहे. १९५६च्या अखेरीस ‘क्रँक्स’ या ब्रिटिश रंगमंच-कार्यक्रमाबरोबर ती ब्रॉडवेवर आली आणि नंतर न्यूयॉर्कमध्येच राहिली. तिने शिकवायचा प्रयत्न केला, पण ही चाल काही आठवड्यांत शिकवण्यासारखी नव्हती. वेळ गेला, पैसे गेले, आणि जे मुद्रित झालं होतं ते वापरण्याजोगं नव्हतं.

तोडगा

इथे दोन सरळ रस्ते होते. प्रकल्प गुंडाळायचा, किंवा तडजोड करून मिळमिळीत रेकॉर्ड बाजारात आणायची. कंपनीच्या हिशेबनिसाला दोन्ही पटले असते. त्यांनी तिसरा निवडला: ज्या तिघांना ही चाल अंगभूत येते त्या लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या तिघांनीच सगळ्या बारा वाद्यांच्या ओळी गायच्या, एकावर एक थर चढवत.

तंत्र नवं नव्हतं. लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांनी १९५१ साली आपल्याच आवाजांचे नि गिटारींचे थर चढवून ‘हाऊ हाय द मून’ गाजवलं होतं. पण तिथे ती एक गंमत होती, आवाजाची जादू. इथे तिघांना मिळून एक बँड व्हायचं होतं. आधी ऱ्हिदम सेक्शनची फीत. मग ती ऐकत तिघांनी एक-एक ओळ गायची. मग ते सगळं ऐकत पुढच्या ओळी, पुन्हा त्यावर पुढच्या. चार फेऱ्या धरल्या तर बारा ओळी होतात. आजच्यासारखे शेकडो ट्रॅक वेगवेगळे ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. आधीचं सगळं वाजवत, नव्या गायनासह दुसऱ्या फितीवर उतरवून घ्यायचं. एकदा मिसळलेलं वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या फेरीतला आवाज थोडा मोठा झालाय हे चौथ्या फेरीत लक्षात आलं तर दुसऱ्यापासून पुन्हा सुरुवात. शिवाय प्रत्येक नकलेगणिक फितीची खरखर वाढते आणि खालचे थर धूसर होत जातात. हे काम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पुरलं यात नवल नाही.

वाटणी साधारण अशी: वरच्या पट्टीतले ट्रम्पेट अ‍ॅनी रॉसकडे, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन दोघा पुरुषांकडे. शिकवायला आलेल्या बाईशिवाय हा बेत तडीस गेलाच नसता हे यावरून कळतं. बेसीच्या लीड ट्रम्पेटची पट्टी पुरुषी गळ्याच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि बँडचा सगळा कडकपणा त्या वरच्या ओळीत असतो. ती ओळ डगमगली की खालच्या अकरा ओळी कितीही चोख असून उपयोग नाही.

थर चढवण्याचा एक फायदा बहुधा कुणी आधी हेरला नसावा. बारा वेगवेगळ्या गायकांचे बारा उच्चार असतात, बारा प्रकारचे श्वास. एकाच माणसाने चारदा गायलं की चारही वेळा तो त्याच जागी रेंगाळतो आणि त्याच जागी सूर कापतो. वर्षानुवर्षं शेजारी बसून वाजवणाऱ्या चार वादकांना जी एकजूट साधते, ती इथे एका माणसाच्या सवयीतून आपोआप आली. भाड्याने आणलेल्या गायकांकडे नेमकी हीच नव्हती.

दोन रचना जवळून

‘लिटल पोनी’ ही हेफ्टीची १९५१ सालची रचना, वॉर्डेल ग्रेच्या टेनर सॅक्सोफोनसाठी बांधलेली आणि घोड्यासारखी उधळणारी. बेसीच्या रेकॉर्डवर ग्रेचा सोलो ऐकताना वाटतं की याला श्वास घ्यायला वेळ कधी मिळाला. तो सोलो हेंड्रिक्सने अथपासून इतिपर्यंत शब्दांत गायला आहे. पहिल्यांदा ऐकताना शब्द कळत नाहीत, फक्त एक लखलखती साखळी कानावरून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वाक्यं सुटी होऊ लागतात. मग लक्षात येतं की ग्रे जिथे ओळ तोडतो तिथेच हेंड्रिक्सचं वाक्य संपतं, जिथे ग्रे एखादी जागा उलटून परत घेतो तिथे वाक्यातही तोच शब्द पलटून येतो. म्हणजे सोलोला मुळात वाक्यरचना होती, ती हेंड्रिक्सने उघडी केली. ग्रे हे ऐकायला उरला नव्हता. १९५५च्या मे महिन्यात लास व्हेगासजवळ वाळवंटात त्याचा मृतदेह सापडला होता, वय अवघं ३४. त्याचे दोन सोलो, एक रॉसने आणि एक हेंड्रिक्सने, माणसाच्या बोलीत आणून ठेवले आणि आज कित्येकांना वॉर्डेल ग्रे हे नाव त्या वाटेनेच माहीत होतं.

‘फिएस्टा इन ब्लू’ अगदी दुसऱ्या टोकाची. संथ, ब्लूजची, आणि पूर्णपणे एका ट्रम्पेटभोवती रचलेली. १९४१ सालच्या बेसीच्या रेकॉर्डवर तो बक क्लेटनचा. इथे तो अ‍ॅनी रॉसचा. द्रुत लयीत चूक झाकली जाते, संथ लयीत सगळं उघडं पडतं. रॉस सूर लावताना तो किंचित खालून घेते, मग वर चढवते आणि कंप शेवटी देते, क्लेटनसारखाच. मागे बाकीचे आवाज वाद्यवृंदाचं काम करत असतात, मोठे होत नाहीत. वाद्याची नक्कल आपण करतोय असं तिच्या गाण्यात एकदाही वाटत नाही. एक बाई आपलं मन मोकळं करते आहे इतकंच वाटतं, आणि क्लेटनच्या मूळ सोलोकडे परत गेलं की तोही बोलताना ऐकू येतो. या संपूर्ण तबकडीत मला सगळ्यात जास्त प्रिय असलेली रचना हीच.

‘डाउन फॉर डबल’बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. रचना फ्रेडी ग्रीनची, आणि या ध्वनिमुद्रणात मागे गिटार धरून बसलेला फ्रेडी ग्रीनच आहे. १९३७ ते १९८७, मरेपर्यंत, हा माणूस बेसीच्या बँडमध्ये दर ठोक्याला एक याप्रमाणे गिटार छेडत राहिला. सोलो जवळपास घेतलाच नाही. इथे त्याच्या रचनेला मानवंदना मिळते आहे आणि तोच साथीला बसला आहे. बेसीच्या बँडचा स्वभाव समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

आक्षेप

तबकडी १९५८ साली बाजारात आली आणि गाजली. पण तिच्यावरचे आक्षेपही खरे आहेत आणि ते टाळून पुढे जाता येत नाही.

जॅझ हे उत्स्फूर्ततेचं संगीत. दुसऱ्याने त्या क्षणी सुचलेलं जे वाजवलं ते सुरासुराने घोकून गायचं, हे त्या संगीताच्या आत्म्याविरुद्ध आहे असं काही जाणकार म्हणतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. सोलो घोकून गाणं ही नक्कल असते. त्याच्यावर शब्द बसवणं ही त्या सोलोची चिकित्सा असते, कारण तिथे प्रत्येक सुराचं वजन ठरवावं लागतं, कुठला सूर वाक्याचा कणा आणि कुठला केवळ दुवा हे ओळखावं लागतं. मात्र हेही मान्य की ही वाट एकदाच ताजी असते. पुढे अनेक गायकसंचांनी हीच पद्धत उचलली आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शब्दांची कसरत तेवढी उरली.

दुसरा आक्षेप शब्द कळत नाहीत हा. बारा ओळींचे शब्द एकावर एक येतात तेव्हा खरंच कळत नाहीत, आणि थर चढवण्याच्या पद्धतीने खालचे आवाज मळकट झाले आहेत. इथे तंत्र अपुरं पडलं, हे कबूल करायला हवं.

तिसरा मुद्दा हक्कांचा, आणि तो मला सगळ्यात टोचतो. अशा शब्दांना मूळ रचनेच्या हक्कदाराची परवानगी लागते, गीतकाराला त्याचा वाटा मिळू शकतो, रचनाकाराला त्याचा. ज्याच्या सोलोवर गीतकाराने चार-चार मिनिटांचं काव्य उभं केलं, त्या वादकाचं नाव या हिशेबात सहसा कुठेच येत नाही, कारण सोलोला कायद्याने रचना मानायची पद्धत नव्हती. ‘लिटल पोनी’ हेफ्टीची, शब्द हेंड्रिक्सचे. मधला अवघा वॉर्डेल ग्रे नोंदीतून निसटतो. हेंड्रिक्सने या वादकांवर जेवढं प्रेम केलं तेवढं क्वचित कुणी केलं असेल, त्यामुळे दोष त्याचा नाही. पण ‘संगीतकार कोण’ या प्रश्नाचं जे उत्तर ही तबकडी कानाला देते, ते कागदपत्रांत उमटलेलं नाही.

पुढे काय झालं

तबकडी गाजल्यावर मागणी आली ती प्रत्यक्ष कार्यक्रमांची, आणि मंचावर तीन माणसं बारा ओळी गाऊ शकत नाहीत. त्यामुळे त्रिकूट खऱ्या अर्थाने जमलं ते तबकडीनंतर. मांडणी नव्याने केली, बारा ओळींतल्या महत्त्वाच्या तीन निवडल्या, मागे छोटा ऱ्हिदम सेक्शन ठेवला. मला वाटतं या सक्तीने त्यांचं भलंच झालं. शब्द अखेर नीट ऐकू येऊ लागले.

रूलेट कंपनीसाठी त्यांनी पुढची बेसी-तबकडी केली, ‘सिंग अलाँग विथ बेसी’. यात खुद्द बेसी, त्याचा अख्खा बँड आणि जो विल्यम्स सोबतीला होते. कागदावर हा दुसरा बेत पहिल्यापेक्षा सरस. ऐकताना मात्र पहिल्या तबकडीची धग तिथे सापडत नाही. खरे ट्रम्पेट शेजारी वाजत असताना गळ्याने ट्रम्पेट होण्याची निकड उरत नाही, गायक बँडच्या वर तरंगत राहतात.

१९६० साली त्यांनी ड्यूक एलिंग्टन या दुसऱ्या थोर बँडप्रमुखाच्या रचनांची तबकडी केली. डाउन बीट या जॅझ मासिकाच्या मतचाचणीत पहिल्या क्रमांकाचा गायकसंच म्हणून त्यांची पुन्हा पुन्हा निवड झाली. १९६२ साली रॉसने संच सोडला आणि तिच्या जागी आली कोलंबोची योलांड बव्हान, म्हणजे बेसीचे ट्रम्पेट आता सिलोनच्या गळ्यातून वाजू लागले. १९६४ साली संच मोडला. १९६६च्या ऑक्टोबरमध्ये कनेटिकटच्या महामार्गावर एका गाडीचं चाक बदलायला मदत करताना ट्रकच्या धडकेने लॅम्बर्ट गेला. हेंड्रिक्स २०१७पर्यंत जगला, ९६ वर्षांचा झाला. मॅनहॅटन ट्रान्सफर या संचाची १९८५ची ‘व्होकलीज’ ही तबकडी सगळीच्या सगळी त्याच्या शब्दांवर उभी आहे आणि तिला ग्रॅमीची १२ नामांकनं मिळाली. रॉस २०२० साली गेली. ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’ १९९८ साली ग्रॅमीच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाली.

ही तबकडी पहिल्यांदा ऐकणार असाल तर सुरुवात तिच्यापासून करू नका. आधी बेसीच्या बँडची १९४१ची ‘फिएस्टा इन ब्लू’ दोन-तीनदा ऐका, बक क्लेटनचा सोलो गुणगुणता येईल इतकी. मग अ‍ॅनी रॉसची लावा. तसंच ‘लिटल पोनी’चं: आधी वॉर्डेल ग्रे, मग हेंड्रिक्स. हेडफोन वापरा, कारण जुन्या फितींची खरखर आहे आणि खालच्या ओळी खोल गेल्या आहेत. शब्द पकडायची घाई पहिल्या वेळी नको. ‘वन ओ’क्लॉक जंप’ शेवटी ठेवा; तोवर कोणता आवाज कोणाच्या जागी आहे हे कानाला कळू लागलेलं असतं.